गुरुवारची इंजेक्शनं

जयनगर, बंगळूर
९ जानेवारी २०२५

प्रिय विद्या,

तुझे तिळाचे लाडू मिळाले. संक्रांत अजून पाच दिवस लांब आहे आणि डबा निम्मा झाला, कारण आमचे अजितराव. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हटलं की म्हणतात, तिळाचं गोड मोजायचं नसतं. मिरजेहून लाडू चार दिवसांत येतात, आणि आमच्या शुभंकरला मारतहळ्ळीहून जयनगरला यायचं तर आधी दोन दिवस विचार करावा लागतो. ट्रॅफिक, आई, ट्रॅफिक! तुला फोनवर ऐकू येत नाही, मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं तयार नाहीत, तेव्हा आपलं हे पत्रांचं खूळच बरं.

सून मात्र इथेच आहे हो. शाल्मलीला सहावा संपत आला. मागच्या वेळचं तुला माहीत आहे, चौथ्यातच सगळं आटोपलं होतं, पोरीच्या तोंडावरचं हसूच गेलं होतं. म्हणून या वेळी गर्भ टिकायला डॉक्टरांनी दर गुरुवारी कमरेत एक तेलकट इंजेक्शन सांगितलंय. मी म्हटलं, पस्तीस वर्षं नोकरी केलेली नर्स घरात बसलीय, क्लिनिकच्या पायऱ्या कशाला चढायच्या? नोव्हेंबरपासून मीच देते. "आई, तुमचा हात किती हलका," म्हणते. तुला वेगळं सांगायला नको.

गुरुवारी माझा व्हरांड्यातला दवाखाना भरलेला असतो. कुणाचं बी-ट्वेल्व्ह, कुणाचं आणखी काही, चिठ्ठी दाखवा आणि बाही वर करा. पलीकडच्या गल्लीतले विठोजीराव सुई दिसायच्या आधीच "अक्का, स्वल्प मेल्लगे!" म्हणून ओरडतात. हळू म्हणे! अजून लागलेली पण नसते.

माझी ती चिनी मातीची बरणी आठवते ना, सासूबाईंची लोणच्याची? दिवाळीला आलीस तेव्हा तिला हसली होतीस. कापसाचे बोळे अजून तिच्यातच, जंतुनाशकात बुडवलेले. बत्तीस वर्षांत ती एकदाही रिकामी झालेली नाही. सासूबाई सांगायच्या, भरल्या घरात 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं, आणि तळाशी चार दाणे ठेवूनच वर नवं घालायचं. मी बोळ्यांनाही तेच करते. तळाला आले की वर नवा कापूस, थोडं औषध, नळाचं पाणी. पाणी हल्ली टँकरचं असतं, पण औषधात पडल्यावर काय फरक पडतोय?

एक विचारायचं होतं. शाल्मलीच्या उजव्या कमरेवर गाठ आलीय, सुपारीएवढी. फार दुखत नाही, ताप नाही, वरची कातडी जांभळट. तेलकट औषधाची गाठ येतेच, मी गरम पाण्याच्या पिशवीने शेकतेय. विठोजीरावांनाही दंडावर आलीय, पण त्यांना काय, सगळंच येतं. तू जन्मभर प्रयोगशाळेत जंतू बघितलेस म्हणून सहज विचारते.

तुझी
वासू

•

मिरज
१५ जानेवारी २०२५

प्रिय वासू,

तिळगूळ आधीच पाठवला, गोड बोलायचं तेवढं राहिलं होतं. पण या पत्रात ते जमेल असं वाटत नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेक बंद कर. आजच. गाठ दाबू नकोस, चोळू नकोस. सर्जनला दाखव आणि सुईने आतला द्रव काढून तपासायला पाठवायला सांग. प्रयोगशाळेला चिठ्ठीवर लिहून द्यायला सांग की नमुना दोन दिवसांत 'काही वाढलं नाही' म्हणून फेकू नका, दोन आठवडे ठेवा, आणि टीबीच्या जंतूला लावतात तो रंग लावून बघा. टीबी असेल म्हणून नाही, दुसऱ्या कारणासाठी म्हणते आहे. आधी रंग काय सांगतो ते कळू दे.

तेलाची गाठ आठवड्याभरात मऊ पडते. न दुखणारी, ताप नसलेली, जांभळी आणि हळूहळू मोठी होणारी, ती तेलाची नसते. आणि एका माणसाला आली तर समजू शकते. विठोजीरावांचं औषध तेलकट आहे का? बी-ट्वेल्व्ह तर पाण्यातलं असतं ना ग?

आणखी एक. दिवाळीत मी त्या बरणीला हसले होते खरी, पण आत पाणी घालतेस हे तेव्हा माहीत नव्हतं. औषध किती, पाणी किती? हल्ली पाकीटबंद बोळे मिळतात, एक फोडा, एक टाका. तोवर ते वापर, माझ्यासाठी म्हणून वापर. तुला राग येणार हे माहीत आहे.

विद्या

•

जयनगर
२५ जानेवारी २०२५

प्रिय विद्या,

राग आला. खोटं कशाला बोलू? पस्तीस वर्षांत माझ्या हातून एक इंजेक्शन पिकलेलं नाही, आणि तू मला कापूस कसा भिजवायचा ते शिकवतेस!

तुझं ऐकलं मात्र. गाठ सर्जनला दाखवायच्या आधीच फुटली, पाण्यासारखा पू आला. बाजूला दुसरी उठतेय. पहिला रिपोर्ट आला, काही वाढलं नाही. मी म्हटलं, बघा. मग तुझा तो रंग लावायला सांगितला आणि जे झालं ते ऐक. टीबी निघाला! चार गोळ्या सुरू झाल्या, नारिंगी लघवी होते, पोरगी रडते. इंजेक्शनं बंद करून डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय. सहा महिन्यांचं पोट आणि कमरेत टीबी, असं कुठे ऐकलंयस?

शाल्मलीची आई पुण्याहून आलीय. काल सगळ्यांसमोर विचारलं, घरात कुणाला कधी होता का? मी नाही म्हटलं. मग ह्यांनी, शहाणपणा करून, तुझं नाव घेतलं. विद्याला होता तरुणपणी, दिवाळीत आठ दिवस राहून गेली. मी गप्प बसले. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हते, पण तुझ्यापासून काही लपवायची सवय नाही.

मला विचारशील तर, डिसेंबरात मी धारवाडला लग्नाला गेले होते, त्या गुरुवारी कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधल्या प्रतिमाने इंजेक्शन दिलं होतं. चोवीस वर्षांची पोर, एका हातात मोबाइल, एका हातात सुई. तिचंच काम असणार हे.

वासू

•

मिरज
१ फेब्रुवारी २०२५

वासू,

माझा टीबी १९७९ साली बरा झाला. सेहेचाळीस वर्षांनी तो दिवाळीच्या फराळातून कुणाच्या कमरेत जात नाही. अजितरावांना सांग, मी रागावलेली नाही. तुझ्यावर थोडी आहे. पण ते राहू दे.

आता नीट वाच. टीबीच्या जंतूचे काही लांबचे भाऊबंद असतात. तो रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याही तशाच लाल काड्या दिसतात, म्हणून घाईत टीबी लिहिलं जातं. पण हे भाऊबंद माणसाकडून माणसाला जात नाहीत. ते पाण्यात राहतात, मातीत राहतात, नळाच्या तोटीत, टाकीच्या तळाशी राहतात. टीबीच्या गोळ्यांना यातले बरेचसे जुमानतच नाहीत. म्हणजे शाल्मली घेतेय त्या चार गोळ्यांनी तिला उलट्या होतील, गाठी जाणार नाहीत.

आणि पातळ जंतुनाशकाचं असं असतं की बाकीचे जंतू त्यात मरतात, हे टिकतात. बत्तीस वर्षं तू तळाचे चार बोळे ठेवून वर नवं घालते आहेस. बाकीचे सगळे मेले असतील वासू, आणि फक्त हेच उरले असतील. तू तो बोळा कातडीवर फिरवतेस आणि सुई त्यातूनच आत जाते. प्रतिमाने एक इंजेक्शन दिलं, तू दहा दिलीस. आणि विठोजीरावांना तिने हातही लावलेला नाही.

बरणी ओतून टाकू नकोस, धुऊ नकोस. झाकण लाव, चिकटपट्टी मार आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये संसर्गरोगाच्या डॉक्टरकडे दे. पुढच्या गुरुवारी कुणालाही टोचू नकोस. हे पत्र पोचायला चार दिवस लागतील, तेवढा धीर मला नाही, म्हणून शुभंकरला मेसेज केलाय: जखमेचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठव, जंतूचं नेमकं नाव काढून घे. बरणीचं त्याला लिहिलं नाही. ते तू सांगायचंस.

का घाई करते आहे ते सांगते. हे जंतू मारायला जी इंजेक्शनं लागतात, त्यात एक माझ्या टीबीच्या इंजेक्शनांच्याच जातीचं आहे. बाळ पोटात असताना ते देत नाहीत, बाळाच्या कानावर जातं. आपल्या हॉस्टेलात रोज सकाळी तूच मला टोचायचीस, नव्वद दिवस, तुझा हात हलका म्हणून. चाळिसाव्या दिवशी मी म्हटलं होतं, वासू, कानात शिट्टी वाजते. तू म्हणालीस, अशक्तपणा आहे, दूध पी. लिहून देणारे डॉक्टर होते, तुझा दोष नाही, हे मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते. पण तू ऐकलं नाहीस, आणि मीही दुसऱ्यांदा बोलले नाही. या वेळी बोलते आहे.

विद्या

•

जयनगर
७ फेब्रुवारी २०२५

विद्या,

तुझं पत्र काल, बरोब्बर गुरुवारी, माणसं व्हरांड्यात बसलेली असताना आलं. वाचलं, घडी घातली, आणि सगळ्यांना इंजेक्शनं दिली. विठोजीरावांनाही. मग दार लावून बरणीतलाच बोळा घेतला, स्वतःच्या मांडीवर फिरवला आणि सलाइनची सुई टोचून घेतली. बघू काय होतं ते. काही होणार नाही.

सेहेचाळीस वर्षं जपून ठेवलंस होय ते शिट्टीचं? बरं केलंस, आज कामाला आलं.

मुलाला परस्पर मेसेज करायची काही गरज नव्हती. तो माझा मुलगा आहे. आता मी लिहीपर्यंत लिहू नकोस.

वासंती

•

मिरज
१८ मार्च २०२५

वासू,

लिहू नकोस म्हणालीस, सहा आठवडे थांबले. तू काही लिहिलं नाहीस, पण शुभंकर कळवत असतो. रिपोर्टमध्ये नाव आलं ते त्याने फोटो काढून पाठवलं: मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस. मला वाटलं होतं तेच. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, दोनदा शस्त्रक्रिया करून गाठी खरवडून काढल्या, जखम उघडी ठेवलीय. एक औषध पोटातून आणि एक सलाइनमधून चालू आहे, खरं लागतं ते बाळंतपणानंतर. पोरगी एका कुशीवरच झोपते म्हणे.

आणि तो लिहितो, प्रतिमाला क्लिनिकने काढून टाकलं. आई म्हणाली, तीच असेल, असं लिहितो.

वासू, बरणीचं त्याला सांगितलं नाही ही चूक माझी. मैत्रीण म्हणून तुला वेळ दिला, आणि त्या वेळात किती गुरुवार गेले ते मला मोजवत नाही. तुझ्या मांडीला सहा आठवडे काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. याला कधीकधी महिने लागतात. एप्रिलच्या पाच तारखेपर्यंत वाट बघते. तोवर तू सांगितलं नाहीस तर मी शुभंकरला सगळं लिहीन, आणि मग तू माझ्याशी कधी बोलली नाहीस तरी चालेल. नाही चालणार, पण लिहीन.

तुझीच
विद्या

•

जयनगर
२ एप्रिल २०२५, बुधवार

विद्या,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उशीखाली ठेवलं होतं, उत्तर द्यायचं नाही असं ठरवून.

सोमवारी अंघोळ करताना मांडीला हात लागला. वाटाण्याएवढी. दाबून बघितली, दुखत नाही. नर्स आहे ग मी, कळलं मला. पाटावर तशीच बसून राहिले, ह्यांनी दार वाजवलं तेव्हा उठले.

काही लपवत नाही आता. सात आठवडे रोज सकाळी मांडी बघायची आणि मनात तुला हसायची. शुभंकरने प्रतिमाचं नाव काढलं तेव्हा मी चहा गाळत होते. "तीच असेल," म्हणाले. दोन शब्द, आणि चहा गाळत राहिले. परवा ती भाजीवाल्यापाशी भेटली. "अक्का, चेन्नागिद्दीरा?" म्हणून हसली माझ्याकडे बघून. अक्का बरी आहे का, विचारत होती! त्या सात आठवड्यांत मी आणखी अकरा जणांना टोचलं. त्यांत हेही आहेत, त्यांचं महिन्याचं बी-ट्वेल्व्ह.

सोमवारीच बरणी पिशवीत घातली आणि रिक्षाने हॉस्पिटलात नेली. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले होते. शाल्मलीला बघणारी डॉक्टर गौरी हेगडे, आपल्या मुलीच्या वयाची आहे. ऐकत होती, लिहीत होती. ही शेवटची रिकामी कधी केली होती, विचारलं. मी म्हटलं, ब्याण्णव सालानंतर नाही. तिने पेन खाली ठेवलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तळाच्या बोळ्याला रंग लावून बघितला तर लाल काड्याच काड्या. नाव कळायला आठवडा लागेल, पण तुला आणि मला काय कळायचं राहिलंय?

ती म्हणाली, टोचलेल्या प्रत्येकाचं नाव द्या. मी नवरात्रापासूनची आठवून लिहिली, चौतीस झाली. विठोजीराव एका डॉक्टरकडे टीबीच्या गोळ्या खातायत, विद्या. अडीच महिने.

शाल्मलीला सांगायचं अजून राहिलं होतं. छत्तिसावा आठवडा लागतोय तिला. काल तिची वेणी घालत होते तर म्हणाली, "आई, बाळ झालं की ती रोजची इंजेक्शनं सुरू होतील. कितीतरी महिने द्यावी लागतील म्हणे. हॉस्पिटलात नको हं, घरी तुम्हीच द्याल ना? तुमच्या हाताने दुखत नाही." तेव्हा सांगितलं. वेणी अर्धीच राहिली हातात. बरणी, पाणी, तुझी पत्रं, प्रतिमा, सगळं सांगितलं. दीड महिना ती उजव्या कुशीवर झोपलेली नाही, जखम आहे म्हणून. काल माझ्याकडे पाठ करायला ती त्या जखमेवरच वळली. मी म्हटलं, अग दुखेल. ती तशीच राहिली.

शुभंकर आला, ऐकलं, तिला घेऊन मारतहळ्ळीला गेला. अडीच तास लागले म्हणे पोचायला, तिची आई ह्यांना फोनवर सांगत होती. माझ्याशी कुणी बोललं नाही. क्लिनिकच्या डॉक्टरांना आज सकाळी जाऊन सांगितलं की प्रतिमाचा काही संबंध नाही. तिच्या घरीही गेले होते, कुलूप होतं. गावी गेली म्हणे.

मलाही तीच इंजेक्शनं सुरू होणार. माझ्या कानांचं काय व्हायचं ते होवो. पण पुढच्या महिन्यात शाल्मलीला सुरू होतील, तेव्हा मला एक लिहून कळव. पहिल्या दिवशी ती शिट्टी कशी वाजली होती? बारीक होती का, एकाच कानात होती का, आधी काय ऐकू येईनासं झालं? नीट सगळं लिही. तेव्हा तू सांगत होतीस आणि मी दूध पी म्हणाले. माझं चुकलं विद्या. हे सेहेचाळीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तू लिहिशील ते मी शुभंकरला पाठवीन. माझं पत्र तो फाडेल, तुझं वाचेल.

ह्यांचा दंड आज सकाळी उजेडात नेऊन बघितला. काही नाही अजून. डॉक्टर म्हणतात, सहा महिने रोज बघत राहा.

उद्या गुरुवार. नऊ वाजता सगळे येतील, नेहमीसारखे बाही वर करून. हे म्हणाले, मी घरोघरी फोन करतो, तू बाहेर येऊ नकोस. मी नको म्हटलं. दार मीच उघडणार आहे.

वासू